खळ्यातले दिवे आणि विहिरीवरचा प्लग: देवगडच्या घराच्या बाहेरच्या वायरिंगच्या नोंदी, एप्रिल ते ऑगस्ट 2025

12 एप्रिल, शनिवार

गेल्या जुलैत आई विहिरीवर गेली होती. पाय ओले, वर पावसाची झड. कळशी उचलताना तोल सावरायला तिनं दिव्याच्या लोखंडी खांबाला हात लावला आणि झटका बसून मागे पडली. पायात रबरी चपला होत्या म्हणून निभावलं. "हात एकदम सुन्न झालो," एवढंच ती फोनवर म्हणाली, तेही दोन दिवसांनी. त्या दिवसापासून विहिरीवरच्या दिव्याचा फ्यूज काढून ठेवला आहे. संध्याकाळनंतर आई-बाबा बॅटरी घेऊन फिरतात.

यंदा पावसाच्या आधी बाहेरचं सगळं वायरिंग उखडून नवं करायचं ठरवलं. मी कोल्हापूरला एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये आहे. घराच्या वायरिंगचा परवाना माझ्याकडे नाही, म्हणून जोडण्या आणि टेस्ट रिपोर्ट गावचे परवानाधारक ठेकेदार आणि त्यांचे वायरमन काका करणार. आखणी, खणणं, केबल ओढणं आणि मोजमाप माझ्याकडे. कोकणात जांभ्याच्या जमिनीवर हेच काम कुणी काढलं तर आमच्या चुका त्यांच्या कामी याव्यात, म्हणून तारखेनुसार लिहितो आहे.

बाहेर हवं आहे ते असं: पडवीत दोन दिवे, खळ्यात (अंगणात) एक, विहिरीवर एक, फाटकाजवळच्या गडग्यावर (दगडी कुंपणभिंतीवर) एक. एक प्लग पडवीच्या बाहेरच्या भिंतीला आणि एक मांगराजवळ (घराबाहेरच्या शेडजवळ), गवत कापायच्या मशीनसाठी. विहिरीवरचा एक एचपीचा पंप आहेच.

13 एप्रिल

आज जुनं काम उघडून पाहिलं.

घरातून विहिरीपर्यंत दोन पदरी पांढरी वायर गेली आहे. ती दोन माडांना नायलॉनच्या दोरीनं बांधली आहे. मध्ये तीन जोड आहेत, तिन्ही नुसते पिळून वर काळी टेप गुंडाळलेले. उन्हानं टेपचा डिंक वितळून गेला आहे, बोट लावताच टेप साल सुटावी तशी निघाली. आत तांबं हिरवं पडलेलं.

आईला झटका का बसला तेही सापडलं. वायर ज्या टोकातून खांबाच्या पाइपात शिरते, तिथं पाइप हॅक्सॉनं कापून तसाच सोडला होता. कड घासलेली नव्हती, रबरी बुशही नव्हतं. वारं आलं की वायर त्या कडेवर हलत होती. आठ-दहा वर्षांत प्लॅस्टिकला नखाएवढी चीर गेली, चाकूनं कापावी तशी सरळ. आतली फेजची, म्हणजे वीज आणणारी, तार पाइपाला टेकलेली. फ्यूज परत लावून मल्टिमीटरनं खांब आणि जमीन यांच्यात मोजलं, तर कोरड्या एप्रिलच्या दुपारी 118 व्होल्ट.

मग फ्यूज का उडाला नाही? खांबाला अर्थिंगच, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणारी तार, नव्हतं. वायरच दोन पदरी, तिसरी तार आणणार कुठून? शिवाय मीटरजवळच्या किटकॅटमध्ये (चिनीमातीच्या फ्यूजच्या खाचेत) फ्यूजच्या तारेऐवजी जाड तांब्याची तार भरलेली.

घराचं म्हणून जे अर्थिंग होतं, ती भिंतीलगत जमिनीत जाणारी एक जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार. हातानं ओढली तर सरळ वर आली. टोकाला वीतभर गंजलेला पाइपचा तुकडा. आमच्याकडे महावितरणच्या खांबावरून दोनच तारा येतात, फेज आणि न्यूट्रल (वीज परत जायची तार). अर्थ आपला आपण करायचा असतो. म्हणजे इतकी वर्षं या घराला अर्थ नव्हताच.

26 एप्रिल, शनिवार

अर्थिंगपासून सुरुवात केली, कारण ते नीट झाल्याशिवाय बाकी सगळं वरवरचं. तांब्याचा मुलामा असलेले 3 मीटरचे रॉड कोल्हापूरहून आणले. खळ्याच्या कडेला जागा धरली आणि घणानं ठोकायला घेतलं. सव्वा मीटरवर कातळ लागला. वायरमन काका म्हणाले, अजून दोन घाव घाला, जाईल. दोन घावांत रॉड वाकला. 1900 रुपये गेले आणि सकाळ गेली.

जे थोडं आत गेलं होतं त्याचं माप घेतलं. कारखान्यातल्या मित्राकडून अर्थ टेस्टर भाड्यानं आणला आहे. त्याच्या दोन खुंट्या दूर अंतरावर जमिनीत ठोकून मोजतात. आकडा आला 212 ओहम. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, जितका कमी तितका अर्थ चांगला.

वायरमन काकांची रीत वेगळी. त्यांनी जुना 100 वॅटचा पिवळा बल्ब होल्डरला लावला, एक टोक फेजला, दुसरं या रॉडला. बल्ब पेटला, थोडा मंद. "झाला मां अर्थिंग!" म्हणाले. इथं आमचा बराच वेळ गेला, पण ते पटवून देणं मला गरजेचं वाटलं. 100 वॅटचा बल्ब जेमतेम अर्धा अँपिअर ओढतो. तेवढा करंट वाईट अर्थमधूनही जातो. खरा दोष झाला तर काय, हे पाहायचं असतं: 230 भागिले 212, म्हणजे एक अँपिअरच्या जरासा वर. एवढ्यावर 6 अँपिअरचा एमसीबीसुद्धा (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही, 16 चा तर नाहीच. खांब तसाच जिवंत राहतो आणि कुणी हात लावायची वाट बघतो. आणि आजचा एलईडी बल्ब घेतलात तर तो याहून कितीतरी वाईट अर्थवरही लख्ख पेटेल, त्यावरून काहीच कळणार नाही.

काका गप्प झाले. मग म्हणाले, "मगे ह्या सगळ्या गावातच असा असतला." बहुतेक असंच असेल.

27 एप्रिल

दिवसभर जागा शोधत फिरलो. सब्बलीनं सहा ठिकाणी टोचून पाहिलं. कुठं एक फूट, कुठं दोन फूट, मग खण्ण.

जागा बाबांनी सांगितली. न्हाणीचं पाणी मागच्या माडांना जातं. तिथं तीन माडांच्या आळ्यांत चाळीस वर्षांची साठलेली माती आहे, उन्हाळ्यातही ओली. सब्बल सरळ आत गेली. न्हाणीच्या भिंतीपासून जागा तीन मीटर लांब भरते, म्हणजे इलेक्ट्रोड भिंतीपासून निदान दीड मीटर दूर हवा हेही जमतं.

1 ते 3 मे

दोन खड्डे, दोन रॉड, एकमेकांपासून साडेतीन मीटरवर. रॉड जवळजवळ लावले तर दोन लावल्याचा फायदा अर्धाही मिळत नाही, म्हणून निदान रॉडच्या लांबीएवढं अंतर ठेवलं. भोवती बेंटोनाइट मातीचं मिश्रण पाणी घालून भरलं. मीठ-कोळसा घातला नाही. मीठ दरवर्षी पावसात धुऊन जातं आणि धातूला खातं, जुन्या पाइपाचं काय झालं ते पाहिलंच होतं.

एका रॉडचं माप 86 ओहम, दोन्ही जोडल्यावर 47. जांभ्याच्या जमिनीत मे महिन्यात याहून चांगलं माझ्या खर्चात होणार नाही, आणि होण्याची गरजही नाही. 47 ओहमवर दोष झाला तर करंट पाच अँपिअरच्या आसपास जाईल. एमसीबी त्यावरही पडणार नाही. म्हणून आमच्यासारख्या दोन तारांच्या पुरवठ्यात माणूस वाचवायचं काम आरसीसीबीचं, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचचं. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर 47 गुणिले 0.03, म्हणजे खांबावर दीड व्होल्टही चढायच्या आत तो पडतो. हाताला लागले तरी चालतील अशी मर्यादा 50 व्होल्टची धरतात, ओल्या जागेसाठी मी 25 धरले. दोन्हींच्या कितीतरी आत आहोत.

दोन्ही रॉडना वर झाकणाची चेंबर केली. जोड दिसला पाहिजे, पुढच्या वर्षी उघडून बघता आला पाहिजे. जुनी तार नजरेआड गाडलेली होती, म्हणून ती तुटलेली कुणाला कळलंच नाही.

10 मे

खरेदी.

केबल: तीन पदरी, 2.5 चौरस मिलिमीटर, तांब्याची, आर्मर्ड (वरून लोखंडी कवच असलेली). 48 मीटर. दुकानदार अ‍ॅल्युमिनियमची अर्ध्या किमतीत देत होता. समुद्र आमच्यापासून दोन किलोमीटरवर आहे. खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियम आणि पितळी स्क्रूचा जोड किती दिवस टिकेल हा भरवसा मला नाही, म्हणून घेतली नाही.

आरसीसीबी: दोन घेतले. एक घरासाठी, एक फक्त बाहेरच्यासाठी. एकच लावला तर बाहेरच्या दिव्यात पाणी गेल्यावर घरातला फ्रिजही बंद होतो. मग वैतागून माणूस आरसीसीबीच काढून टाकतो, असं दोन घरांत पाहिलं आहे. बाहेरचा टाइप ए चा घेतला, कारण एलईडीच्या ड्रायव्हरमुळे (दिव्याला विजेचं रूप बदलून देणाऱ्या सर्किटमुळे) गळती नेहमीच्या रूपात येईलच असं नाही. गावच्या दुकानात फक्त नेहमीची गळती ओळखणारा टाइप एसी चाच होता, टाइप ए कोल्हापूरहून आणला.

दिवे आणि प्लगची पेटी: खोक्यावर आयपी 65 लिहिलेलं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. 65 म्हणजे धूळ आत नाही आणि पाण्याची धार मारली तरी चालते. पडवीत छपराखाली 44 ही चाललं असतं, पण आमच्याकडे पाऊस आडवा येतो.

प्लगच्या पेटीत दुकानात एक गोष्ट लक्षात आली. बऱ्याच पेट्यांचं झाकण प्लग काढलेला असेल तेव्हाच बंद होतं. प्लग लावला की झाकण उघडं, मग तो 65 चा आकडा उरतो कुठं? गवताचं मशीन चालवताना, किंवा गणपतीत माळा रात्रभर लावलेल्या असताना, तेव्हाच तर पाणी जायचं नाही. म्हणून प्लग आत लावून झाकण मिटतं आणि वायर खालच्या खाचेतून बाहेर येते अशी पेटी घेतली. 1150 रुपये एक, साधीपेक्षा तिप्पट. दोन घेतल्या.

17 मे, शनिवार

चर खणायला सुरुवात. आंब्याचा हंगाम संपत आला तरी माणसं मिळेनात. दोघे मिळाले, 700 रुपये रोज.

नियमांच्या पुस्तकात घरगुती दाबाच्या (व्होल्टेजच्या) केबलला पाऊण मीटर खोली आहे. खळ्याच्या मातीत तेवढं मिळालं. मांगराच्या पुढे सहा मीटर कातळ, तिथं एक फुटाच्या खाली पहार जात नव्हती. ब्रेकर आणायचा तर चिऱ्याचं जोतं जवळ, हादरे नकोत. त्या सहा मीटरपुरती केबल जाड जीआय पाइपात घालून वर सिमेंट काँक्रीट टाकायचं ठरलं. पाइपही अर्थला जोडायचा.

संध्याकाळपर्यंत पंचवीस मीटर चर झाली. मी सुट्टी संपवून कोल्हापूरला परतलो. पुढच्या शनिवारी केबल टाकू, पाऊस काय जूनच्या पहिल्या आठवड्यात, असा हिशेब. ही माझी मोठी चूक. चर उघडी सोडून जायचं नसतं. जेवढी खणली तेवढी त्याच दिवशी भरायची.

25 मे, रविवार

मंगळवारपासून वळवाचा मुसळधार पाऊस लागला तो थांबेना, आणि आज हवामान खात्यानं मान्सून देवगडपर्यंत आल्याचं जाहीर केलं. नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. आमची चर म्हणजे ओढा झाली. कडा ढासळल्या, अर्धी पुन्हा गाळानं भरली. फाटकाकडच्या उतारावर चरीनं पाण्याला वाट करून दिली आणि गडग्याचा हातभर भाग खाली बसला. फोंडा घाटातून येताना सगळ्या वाटेवर मनात हेच.

दोन माणसांचा एक दिवस पुन्हा खणण्यात जाणार, म्हणजे 1400 रुपये. गडगा बाबांनी स्वतः रचला, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, मला न सांगता.

7 जून, शनिवार

पावसानं उघडीप दिली. सकाळी सहाला लागलो. खाली चार बोटं वाळू, त्यावर केबल, पुन्हा वाळू, मग चिऱ्याच्या चपट्या कपच्या आडव्या लावून झाकलं. विटा आणायची गरज पडली नाही, जुन्या मांगराच्या कपच्या ढिगानं पडल्या आहेत. त्यावर वीतभर माती आणि मग लाल रंगाची "विजेची केबल" छापलेली पट्टी. उद्या कुणी माडाला आळं करायला कुदळ मारली तर आधी पट्टी दिसेल, मग कपची वाजेल.

जमिनीखाली जोड एकही नाही. वाटेतल्या दिव्याशी केबल वर येते, पेटीत जोडली जाते आणि पुन्हा खाली जाते. केबल जास्त लागली, पण जोड सगळे हाताशी आहेत.

चर बुजवण्याआधी केबल कुठून कुठं गेली त्याचे फोटो काढले आणि कागदावर घराच्या कोपऱ्यापासूनची अंतरं लिहिली. कागद मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवला आहे.

8 जून

मेगर या यंत्रानं इन्सुलेशन, म्हणजे तारांवरचं आवरण किती धड आहे ते, मोजलं. 500 व्होल्टवर निदान 1 मेगओहम हवा.

इथं मी घाई केली. फाटकावरचा दिवा जोडलेला होता, तो न सोडता फेज-न्यूट्रलमध्ये मेगर फिरवला. आकडा जवळजवळ शून्य. केबल सोलली गेली असं वाटून पोटात गोळा आला, ती चर पुन्हा उघडायची? मग लक्षात आलं, दिवा आत आहे. सोडून मोजलं तर 200 च्या वर. केबल ठीक, पण दिव्याचा ड्रायव्हर गेला. 520 रुपये. मेगर लावण्याआधी सगळे दिवे सुटे करा, आणि आधी फेज-न्यूट्रल एकत्र करून त्यांचा अर्थशी आकडा बघा.

पंपाचा आकडा मात्र खरोखरच वाईट निघाला: 0.3. मोटर सोडून नुसती केबल मोजली, तीच खराब. विहिरीच्या कठड्यावर घासून साल गेली होती. दहा मीटर नवी टाकली, 1100 रुपये. खांबाला आम्ही दोष देत होतो, पण पंपाच्या लोखंडी पाइपावरही थोडा करंट येतच असणार. आई त्याच पाइपाला धरून कळशी भरते.

14 जून, शनिवार

नवी पेटी बसली, दोन्ही आरसीसीबी बसले. सगळं चालू केलं. पडवीचा दिवा लावला आणि बाहेरचा आरसीसीबी पडला.

पुन्हा लावला, पुन्हा पडला. कधी बाहेरचा पडे, कधी घरातला, कधी दोन्ही. वायरमन काका म्हणाले मालच खराब. मला दिव्यात ओल वाटली. पडवीचा दिवा बदलला, तरी तेच. मग देवासमोरचा झिरोचा एलईडी त्या होल्डरला लावला, तर पडेना! म्हणजे दिव्यातच काहीतरी, असं धरून आणखी दोन तास गेले. तिसरा दिवा लावला. तोही पडला. अंधार झाला, पाऊस आला, काम थांबवलं.

रात्री झोप लागेना. दोन्ही का पडतात? आरसीसीबी फक्त एक गोष्ट बघतो: फेजनं गेलं तेवढं न्यूट्रलनं परत आलं का. बाहेरच्यातून गेलेलं घरातल्यातून परत येत असेल तर बाहेरच्याला कमी दिसणार आणि घरातल्याला जास्त. दोघांनाही ती गळतीच. झिरोचा दिवा इतकं कमी ओढतो की तो फरक 30 मिलिअँपिअरच्या कितीतरी खाली राहतो, म्हणून तो पडत नव्हता.

15 जून

सकाळी पडवीचा स्विचबोर्ड उघडला. तेच होतं. फेज नव्या लाइनवर घेतली होती, न्यूट्रल जुनीच, माजघरातल्या बोर्डातून आलेली. पूर्वी सगळं एकाच किटकॅटवर होतं तेव्हा कुणाचंही न्यूट्रल कुणालाही चालायचं. ते बदललं आणि दोन्ही आरसीसीबी शांत झाले. माल चांगला होता. काकांनी स्वतः सांगितलं की यापुढे आरसीसीबी बसवण्याआधी ते प्रत्येक न्यूट्रलवर चिठ्ठी लावतील. दीड दिवस गेला, पण हे शिकून गेला.

त्याच बोर्डात दुसरी गोष्ट सापडली, ती मला जास्त भीतीची वाटते. पडवीतला दुसरा दिवा इन्व्हर्टरवर होता. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जायला वेळ लागत नाही. वीज गेली की तो दिवा इन्व्हर्टरच्या बॅटरीवर चालणार आणि मीटरजवळचा आरसीसीबी त्याच्या वाटेतच नसणार. इन्व्हर्टरच्या पुढे आरसीसीबी लावला तरी या साध्या इन्व्हर्टरचं न्यूट्रल अर्थला जोडलेलं नाही, तेव्हा तो पडेलच याची खात्री नाही. म्हणजे ऐन वादळाच्या रात्री, सगळं ओलं असताना, बाहेरचा दिवा संरक्षणाशिवाय. बाबांना तो दिवा हवा होता, वीज गेल्यावर पायऱ्या दिसत नाहीत म्हणून. त्यांचंही बरोबर आहे. शेवटी बाहेरचा एकही पॉइंट इन्व्हर्टरवर ठेवला नाही आणि पायऱ्यांना सौरदिवा लावला.

आरसीसीबी टेस्टरनं तपासले. बाहेरचा 22 मिलिअँपिअरला पडतो, पूर्ण 30 सोडले तर 28 मिलिसेकंदांत. वरच्या टेस्टच्या बटणानं आतली यंत्रणा चालते एवढंच कळतं, अर्थिंग तुटलं असलं तरी बटणानं तो पडतोच. बटण दर महिन्याच्या एक तारखेला बाबा दाबणार, अर्थचं माप वर्षातून एकदा मी घेणार.

बाबांना आणि आईला एक गोष्ट नीट सांगितली: फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी हातात आले तर आरसीसीबीला ती गळती दिसत नाही. उघड्या वायरीला तो आहे म्हणून हात लावायचा नाही.

5 जुलै, शनिवार

शुक्रवारी रात्री बाहेरचा आरसीसीबी पडला, बाबांचा फोन आला. सगळे एमसीबी खाली पाडून, आरसीसीबी लावून, एकेक वर घ्यायला सांगितलं. विहिरीच्या एमसीबीला पडला. तो खाली ठेवून बाकीचं चालू.

आज येऊन विहिरीवरचा दिवा उघडला. काचेत दोन बोटं पाणी, त्यात तीन मेलेल्या मुंग्या. दिवा आयपी 65 चा, काचेचं रबर जागेवर. पाणी केबलवरून आलं होतं. आम्ही केबल वरून घातली होती, आणि ग्लँड (केबल आत शिरते तिथं घट्ट बसणारं बूच) केबलपेक्षा एक नंबर मोठं होतं. माझ्याकडे तेच शिल्लक होतं, "टेप गुंडाळली की बसेल" असं मीच काकांना म्हणालो होतो. केबलवरून ओघळणारं पाणी सरळ आत गेलं. दिव्यावरचा आकडा ग्लँडपाशी संपतो.

नवा दिवा, 520 रुपये. केबल खालून आणली, आत शिरण्याआधी खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकतं. ग्लँड केबलच्या मापाचं. बाकीचे चारही दिवे उघडून बघितले, फाटकावरच्यालाही तसंच मोठं ग्लँड होतं, ते बदललं.

पावसात अर्थचं मापही घेतलं: 47 चा आकडा 16 वर आला आहे. मी मोजमाप एप्रिल-मे मध्ये का केलं ते यावरून कळेल. पावसाळ्यात मोजलं असतं तर तो वाकलेला रॉडही कदाचित चांगला वाटला असता.

26 ऑगस्ट

गणपतीसाठी सगळे आले. पडवीच्या पेटीतून खळ्यातल्या मांडवाला माळा जाणार. दुकानातल्या माळा दोन पिनच्या, केसासारख्या बारीक वायरच्या, खोक्यावर पाण्याविषयी एक अक्षर नाही. त्या घराच्या आत लावायला सांगितल्या. बाहेर मांडवाला आणि तुळशीला 12 व्होल्टच्या माळा लावल्या, अडॅप्टर पडवीत कोरड्या भिंतीला. मुलं तुळशीभोवती फिरत असतात, त्या उंचीवर 230 व्होल्ट नको.

28 ऑगस्ट

पहाटे साडेचारला बाहेरचा आरसीसीबी पडला. घरात दिवे होते, कुणाला कळलंही नाही, फक्त खळं काळोखं. तपासलं तर चुलतभावानं रात्री मांडवाच्या मागच्या बाजूला दोन पिनची एक माळ लावली होती, शोभा कमी वाटली म्हणून. माळेचा जोड पत्र्याच्या पन्हळीत लोंबकळत होता, पन्हळ पाण्यानं भरलेली. पत्रा मांडवाच्या लोखंडी खांबांवर, आणि खांबाला धरून सकाळपासून मुलं झुलायची.

भाऊ बराच वेळ तिथंच उभा राहिला. माळ काढली, आरसीसीबी लावला, टिकला. मांडवाचे चारही खांब आज तांब्याच्या तारेनं अर्थला जोडले. ही गोष्ट आखणीत माझ्या डोक्यातच आली नव्हती. दरवर्षी मांडव उभा राहील तेव्हा हे आधी.

31 ऑगस्ट

खर्च, रुपयांत: आर्मर्ड केबल 11,280. दोन आरसीसीबी 5,350. एमसीबी आणि पेटी 2,600. तीन रॉड, मिश्रण, चेंबर मिळून अर्थिंग 7,600. दिवे सात, पाच लागले आणि दोन वाया, 3,640. प्लगच्या पेट्या 2,300. ग्लँड, जीआय पाइप, वाळू, पट्टी 3,900. खणण्याची मजुरी 6,300. ठेकेदार, वायरमन आणि टेस्ट रिपोर्ट 8,500. टेस्टरचं भाडं 1,200. पंपाची केबल 1,100. एकूण 53,770. पायऱ्यांचा सौरदिवा आणि 12 व्होल्टच्या माळा यात धरलेल्या नाहीत.

यातले 4,340 निव्वळ माझ्या घाईचे: वाकलेला रॉड, दोन दिवे, चर पुन्हा खणणं.

दोन आठवड्यांचं काम म्हणून धरलं होतं, साडेचार महिने लागले. विहिरीवरचा जुना खांब उपटून मांगरात ठेवला आहे. अर्थचं पुढचं माप 2026 च्या मे च्या पहिल्या आठवड्यात, जमीन सगळ्यात कोरडी असताना. 100 ओहमच्या वर गेला तर तिसऱ्या माडाच्या आळ्यात आणखी एक रॉड.

आई कालपासून संध्याकाळी विहिरीवर जाते आहे. पाइपाला हात लावण्याआधी अजून एकदा माझ्याकडे बघते.